दम लग्या

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या इलाहीबक्ष भटाऱ्याच्या घरी पुढच्या खोलीत भिंतीवर एक जुनं घड्याळ आहे. ते त्याच्या बायकोनं, अकबरीनं, माहेरून आणलेलं. तिचे वडील करमाळ्याच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. लेकीला लग्नात त्यांनी भांडी दिली, गादी दिली आणि वर हे घड्याळ दिलं. सासरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बिर्याणी शिजवणाऱ्याच्या घरात घड्याळाचं काय काम, म्हणे. हसा म्हणावं. पुढं चौतीस वर्षं त्या घराची चूल याच घड्याळावर चालली.

त्याचं असं झालं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत इलाहीबक्षनं एक अख्खी देग जाळली. दोनशे माणसांची बिर्याणी होती. झाकण कणकेनं लिंपलं, वर निखारे ठेवले, दम लावला आणि हा बसला नवरीच्या मामाशी कबुतरांच्या गप्पा हाणत. कामाला वाघ, पण कबुतरांचा विषय निघाला की गड्याला जगाचा विसर पडायचा. करपल्याचा वास मांडवात पोचला तेव्हा उठला. घरी आला तो दोन दिवस जेवला नाही की बोलला नाही. मनगटाला घड्याळ बांधावं, तर वाफेनं त्याच्या काचेत आतून पाणी धरायचं. सासऱ्यानं तीनदा दुरुस्त करून दिलं आणि चौथ्यांदा हात टेकले. शेवटी अकबरीनंच तोड काढली. झाकण बंद केलं की मला कळवा, ती म्हणाली, घड्याळ मी बघते.

तेव्हापासून शिरस्ता पडला. आधी खालच्या किराणा दुकानातल्या फोनवर, मग मोबाइल आले तेव्हा मोबाइलवर. हे लोक घरात दखनी बोलतात आणि बाहेर आपली सोलापुरी मराठी. फोनवर मात्र दोनच शब्द ठरलेले. इलाहीबक्ष म्हणायचा, "दम लग्या." अकबरी घड्याळाकडं बघायची, आणि बरोबर चाळीस मिनिटांनी फोन करून म्हणायची, "खोलो." तिचा फोन आल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, मग नवरदेवाचा बाप येऊन मांडव डोक्यावर घेईना का. लेकीच्या, आरजूच्या वेळी कळा सुरू झाल्या होत्या, तरी ही बाई नणंदेला घड्याळापुढं उभी करून मगच रिक्षात बसली. आता याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

इलाहीबक्ष म्हणजे दांडगा माणूस. मेंदी लावलेली लालसर दाढी, छातीवर रुळणारी. आवाज असा की गल्लीच्या त्या टोकाला कळावं, आज रस्सा पातळ झालाय. हाताखालच्यांना दम भरण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, पण जेवायला सगळ्यांना बसवून मग स्वतः बसायचा. त्याची एक खास तऱ्हा होती. दम लावल्यावर लांब दांड्याचा झारा घ्यायचा, एक टोक देगीच्या अंगाला टेकवायचं आणि दुसरं आपल्या कानाला. आत पाणी किती उरलंय, तळ धरतोय का, ते त्याला ऐकू यायचं. वीस वर्षं त्याच्याबरोबर काम करणाऱ्या शाकीरनं पुष्कळदा झारा कानाला लावून बघितला. त्याला कानात नुसती घरघर ऐकू यायची.

यंदा रमजान तोंडावर आला होता. रमजानात लग्नं होत नाहीत, म्हणून आधीच्या महिन्यात नुसती झुंबड. एक दिवस मोकळा नाही. आणि नेमकी त्याच वेळी सगळी पेठ खोकत होती. वातावरणच खराब आहे, असं जो तो म्हणत होता. अकबरीलाही तीन दिवस सर्दी-ताप झाला, आल्याचा काढा पिऊन ती उठली. त्यामुळं मंगळवारी इलाहीबक्ष हुडहुडी भरून घरी आला तेव्हा तिला काही विशेष वाटलं नाही. लेक आरजू उर्दू शाळेत शिकवते. ती दोनदा म्हणाली की अब्बांना साखरेचा आजार आहे, साठी उलटलीय, डॉक्टरला दाखवू. तर तो म्हणाला, पडशाला कोण दवाखान्यात जातं? आणि अकबरीनं त्याचीच बाजू घेतली. मेडिकलमधनं आणलेल्या गोळ्या खाऊन, अंग चेपून घेत, त्यानं चार दिवस ताप अंगावर काढला. कामंही सोडली नाहीत. शनिवारी ताप उतरला. "बघ, गेला की नाही," असं म्हणून त्यानं दाढीला मेंदी लावून घेतली.

रविवारी होटगीत लग्न होतं. तीन देगी. पहाटे निघताना खोकला काही थांबेना. अकबरी म्हणाली, आज शाकीरला एकट्याला जाऊ दे. तो चप्पल शोधत होता. "शाकीरला कान न्हाईत," म्हणाला आणि टेंपोत जाऊन बसला.

फोन आला तेव्हा अकबरी मेथी निवडत बसली होती.

"दम लग्या," तो म्हणाला.

आवाज बसल्यासारखा होता, पण ताप येऊन गेलेल्या माणसाचा आवाज बसणारच. तिनं घड्याळ बघितलं, अकराला दहा कमी. साडेअकराला फोन करते, तोवर कुणाला खोलू देऊ नका, असं सांगून तिनं मेथीची दुसरी जुडी सोडली. फोन मात्र तिकडून बंद झाला नाही. एरवी दोन शब्द बोलून तोच आधी कट करायचा. आज आत नुसतं खसखस वाजत राहिलं. विसरला असेल, असं म्हणून तिनंच बंद केला.

साडेअकराला तिनं फोन लावला. उचलला शाकीरनं.

"भाभी, देगी अजून उघड्याच हायत. भात वैरायचाय. भाई जरा बसतो म्हणून टेंपोमागं गेले, आमाला वाटलं पडलेत घडीभर. आत्ता बघतोय तर बोलता येईना त्यांना. ओठ निळे पडलेत."

अकबरीच्या हातातली मेथी तशीच राहिली. दम लागला म्हणजे देगीला लागला, हा त्या घरातला चौतीस वर्षांचा अर्थ. माणसालाही दम लागतो, छाती भरते, श्वास पुरत नाही, हे सोलापुरातल्या शेंबड्या पोराला कळतं. पण कानाला एकदा जे वळण पडलं ते पडलं. त्यानं जीव गोळा करून दोन शब्द सांगितले, आणि तिनं त्याला सांगितलं की खोलू देऊ नका. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. तिला ते उचलून रस्त्यावर फेकावंसं वाटलं.

देगी तशाच टाकून शाकीरनं त्याला टेंपोत घातलं आणि सोलापुरात आणलं. आरजू आईला स्कूटीवर घेऊन दवाखान्यात पोचली. बोटाला चिमटा लावून बघितलं तर प्राणवायूचा आकडा चौऱ्याहत्तर. निरोगी माणसाचा पंच्याण्णवच्या वर असतो, एवढं कोरोनात सगळ्यांना पाठ झालंय. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरीफटक. दाक्षायणी मॅडम म्हणून डॉक्टर होत्या, अक्कलकोटकडच्या, मराठी बोलताना कानडी हेल यायचा. त्यांनी नाकातला नमुना तपासायला पाठवला आणि निकालाची वाट न बघता औषध सुरू केलं. दुसऱ्या दिवशी निकाल आला. फ्लू.

अकबरीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. फ्लू म्हणजे ते पडसं? मला झालं होतं ते? त्यानं एवढा दांडगा माणूस आडवा होतो?

मॅडमनी खुर्ची ओढली आणि समजावून सांगितलं. बहुतेकांचा आठवड्यात बरा होतो. पण साठीच्या पुढं, त्यात साखर, त्यात चाळीस वर्षं लाकडाच्या धुरात उभं राहून फुप्फुसं आधीच थकलेली. अशा माणसात हा आजार नाकाघशात थांबत नाही, छातीत उतरतो. फुप्फुसांना सूज येते, त्यात पाणी भरतं आणि हवा आत गेली तरी रक्तात पोचत नाही. ताप उतरला म्हणून बरं वाटतं, आणि नेमका तेव्हाच दगा होतो. दरवर्षी याची एक लस मिळते, साखरेच्या पेशंटनी घ्यावी, असंही त्या म्हणाल्या. हे आजवर त्या घरात कुणी सांगितलं नव्हतं. अकबरीनं खाली बघत विचारलं की चाळीस मिनिटं आधी आणलं असतं तर? मॅडम म्हणाल्या, चाळीस मिनिटांचं सोडा, चार दिवस आधी आणायला हवं होतं. खरं ते बोलल्या बिचाऱ्या. पण अकबरीनं चार दिवस ऐकलेच नाहीत. तिच्या मनात चाळीस मिनिटं रुतून बसली.

इलाहीबक्षला तोंडावर घट्ट बसणारा मास्क लावला होता, आणि एक मशीन त्यातून जोरानं हवा आत ढकलत होतं. पण मशीन सारखं बोंबलत होतं. मास्कच्या कडेनं हवा निसटत होती. पट्टे आवळले, कापूस कोंबला, तरी तेच. आकडा ऐंशीच्या वर सरकेना. सोमवारी दुपारी मॅडमनी दोघींना बोलावलं. दाढीमुळं मास्क बसत नाही, त्या म्हणाल्या, दाढी काढली तर बसेल. नाहीतर संध्याकाळपर्यंत घशात नळी घालून मोठ्या मशीनवर घ्यावं लागेल, आणि या वयात, अशा फुप्फुसांनी, नळीवर गेलेला माणूस परत येईल याची मी खात्री देत नाही. सकाळी वॉर्डातला माणूस कात्री घेऊन गेला होता, तर पेशंटनं दाढी मुठीत धरून ठेवली. जबरदस्ती आम्हाला करायची नाही, घरच्यांनी बोलून बघा.

आरजू रडायला लागली. अब्बांनी तिशीपासून त्या दाढीला कात्री लावू दिली नव्हती, ते मरतील पण दाढी देणार नाहीत, ती म्हणाली. मौलानांना विचारावं का, असंही तिच्या मनात आलं. अकबरी म्हणाली, विचारायला सवड कुठंय, आणि विचारलं तरी ते काढा म्हणूनच सांगतील. जीव वाचवायला सगळं माफ असतं. तिनं अंगावर दवाखान्याचा हिरवा झगा चढवला आणि ती एकटी आत गेली.

तिनं त्याला बघितलं. डोळे खोल गेलेले, छाती भात्यासारखी वरखाली होतेय, आणि एक मूठ हनुवटीखाली दाढीत आवळलेली. जीव, लेक, संसार, काय काय सांगून विनवावं याची तिनं जिन्यात मनाशी उजळणी केली होती. ते सगळं जिन्यातच राहिलं. मास्कच्या कडेला तिनं बोट लावून बघितलं. बोटाला वारं लागलं. आणि एकदम तिला कळलं की काय चाललंय. उभा जन्म हेच तर बघत आलो आपण.

ती त्याच्या कानाशी वाकली.

"कडेनं वाफ चाललीय," ती म्हणाली. "कणीक बसत न्हाय. असं असल्यावर दम कसा लागायचा?"

कडेनं वाफ निसटत असेल तर देग कच्ची राहते, हे त्याच्याइतकं जिल्ह्यात कुणाला ठाऊक नसेल. थोड्या वेळानं मूठ सैल झाली. त्यानं हात खाली घेतला आणि हनुवटी वर केली.

मेंदीची लाल दाढी एका कागदात गुंडाळून वॉर्डातल्या माणसानं अकबरीच्या हातात दिली. मास्क नीट बसला. मशीनचं बोंबलणं थांबलं. ती बाहेर येऊन बाकावर बसली, आणि किती तरी वेळ तिला तो आवाज ऐकू येत नव्हता तेच चुकल्यासारखं वाटत होतं.

आकडा संध्याकाळी शहाऐंशीवर गेला. नळी टळली. तरी दोन दिवस जीव टांगणीला होता. पोटावर पालथं झोपवायचे त्याला, त्यानं फुप्फुसांची मागची बाजू मोकळी होते म्हणे. शाकीर रोज यायचा, बाकाच्या टोकाला बसायचा आणि जायचा. पाचव्या दिवशी मास्क काढून नुसता नाकातला ऑक्सिजन ठेवला. दाक्षायणी मॅडम छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकत होत्या, तर हा चोमडा विचारतो कसा, "मॅडम, तळ धरलाय का?" मॅडमना काही कळलं नाही. आरजू हसता हसता रडली.

एकोणिसाव्या दिवशी तो घरी आला. बारा किलो वजन उतरलेलं, बिनदाढीचा चेहरा लहानखुरा दिसत होता. कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन घुरघुरायला लागलं. धुरापाशी आता पुन्हा उभं राहायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. चार पावलं चालला की टेकायचा. रमजान गेला, ईद झाली. अकबरी सगळं करत होती, औषधं, पथ्य, पाय चेपणं, पण त्याच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. घड्याळाला किल्ली देणंही तिनं सोडलं होतं. आरजूच आपली शाळेला जाताना देऊन जायची.

ईदनंतर पहिलं लग्न लागलं, पेठेतलंच. शाकीर भीत भीत विचारायला आला. इलाहीबक्षनं झारा काढून त्याच्या हातात ठेवला आणि सांगितलं, दांडा नीट टेकव आणि तोंड बंद ठेव, बोलणाऱ्याला ऐकू येत नाही. हे सांगणारा जिल्ह्यातला सगळ्यात बोलका माणूस, बरं का.

दुपारी बाराला अकबरीचा फोन वाजला.

"दम लग्या, भाभी," शाकीर म्हणाला.

तिची नजर घड्याळाकडं गेलीच नाही. ती गेली खुर्चीत बसलेल्या नवऱ्याकडं. तो संत्रं सोलत होता.

"कुणाला?" तिनं विचारलं.

पलीकडं शाकीर गडबडला. वीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. "देगीला, भाभी," तो म्हणाला.

तिनं घड्याळ बघितलं, फोन ठेवला आणि जिथं उभी होती तिथंच खाली बसली. गेले दोन महिने मनात साठलेलं सगळं बाहेर आलं. तुम्ही दम लागलाय म्हणून मला सांगितलंत, आणि मी घड्याळ लावून मेथी निवडत बसले. तुम्ही फोन धरून होता, तो मी बंद केला. चाळीस मिनिटं. डॉक्टरीणबाई काही म्हणू दे, त्या चाळीस मिनिटांत काही झालं असतं तर मी कुठं तोंड दाखवलं असतं?

इलाहीबक्षनं संत्रं बाजूला ठेवलं. आता तो एका दमात बोलू शकत नव्हता, मध्ये मध्ये थांबावं लागायचं.

"तू साडेअकरा म्हणालीस, तवाच मला कळलं," तो म्हणाला, "तुला देगीचं वाटलंय. परत सांगाय जीवच न्हवता." तो थांबला. "लई भ्या वाटलं. डोळ्यापुढं अंधारी यायची. मग मी म्हणलं, इलाही, साडेअकरापत्तूर दम धर. तिचा फोन आल्याबिगर झाकण उघडत न्हाय आपलं. आजवर कवा उघडलंय?"

अकबरी पदर तोंडात धरून रडत राहिली. चौतीस वर्षांत ती त्याच्यापुढं अशी कधी रडली नव्हती. त्यानं संत्र्याची एक फोड तिच्या हातावर ठेवली आणि दुसरी आपल्या तोंडात टाकली. मशीन घुरघुरत होतं. गल्लीतून मसाल्याचा वास येत होता, आणि तो मान वाकडी करून, एवढ्या लांबून, जणू ऐकायचा प्रयत्न करत होता.

"अकबरी," बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "झाली बघ चाळीस."

आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं भिंतीवरचं ते घड्याळ बघितलं होतं. तिनं डोळे पुसले आणि शाकीरला फोन लावला.

"खोल," ती म्हणाली.